उसनी दिलेली चौतीस दिवसांची रजा

"नऊ दिवस," निखिल म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी चष्मा लावला. कागदाच्या डोक्यावर 'फुल अँड फायनल' असं लिहिलं होतं. नोकरी सोडणाऱ्या माणसाचा शेवटचा हिशोब म्हणजे हा कागद. राहिलेला पगार, बोनस, ग्रॅच्युइटी आणि न घेतलेल्या रजेचे पैसे, सगळं त्यात येतं. बाकीचे आकडे मी आदल्या रात्री घरी मांडलेल्या आकड्यांशी जुळत होते. रजेच्या रकान्यापाशी मी थांबले.

"त्रेचाळीस हवेत," मी म्हणाले.

"मॅडम, रजिस्टर में जो है, वही है ना. नऊच दिसून राहिले."

टेबलाच्या पलीकडे भाऊ बसले होते. भाऊ म्हणजे आमचे मालक, निखिलचे वडील. छत्तीसगडमधल्या दुर्गचं जुनं मराठी घराणं, तीन पिढ्यांपासून इकडेच. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. लोखंडी प्लेट, चॅनेल, अँगल आणायचे, कापायचे, जोडायचे आणि मोठ्या कारखान्यांना लागणारे सांगाडे, चिमण्यांचे भाग, कन्व्हेयरचे स्टँड बनवून द्यायचे. मी तिथं बावीस वर्षं होते. टायपिस्ट म्हणून लागले आणि स्टोअर्स-परचेस इन्चार्ज म्हणून निघाले. मधलं सगळं मी स्वतः शिकले. माझे वडील दुर्ग स्टेशनावर पॉइंट्समन होते. घरात कोणी लोखंडाचा भाव विचारला नव्हता. भाव करायला मला भंगारवाल्यांनी शिकवलं, आणि मी त्यांच्याही पुढे गेले, हे भिलाईतला कोणताही भंगारवाला सांगेल.

नोकरी मी रागात सोडली होती. तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

एका प्लेटवाल्याशी मी तीन दिवस घासाघीस करून भाव खाली आणला होता. चौथ्या दिवशी तो माणूस निखिलला फोनवर भेटला. निखिलने किलोमागे साठ पैसे जास्त देऊन ऑर्डर पक्की करून टाकली. मी विचारलं तर म्हणतो, "मॅडम, relations भी देखने पड़ते हैं." सहा ट्रक माल होता. मी एका जुन्या चलानच्या पाठीमागे राजीनामा लिहिला आणि स्टोअरच्या किल्ल्यांसकट टेबलावर आपटला. भाऊही तापले. म्हणाले, "दे. आजच दे. नोटीस पिरेड माफ. चार्ज देऊन टाक आणि जा."

ही डिसेंबरची गोष्ट. राग आणखी काही महिने आवरला असता तर ही कहाणी लिहायची वेळ आली नसती.

आता रजेचं सांगते. कारखान्यातल्या माणसाला साधारण वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. आम्ही तिला ईएल म्हणायचो. घेतली नाही तर पुढच्या वर्षी नेता येते, पण तीस दिवसांपर्यंतच. त्यावरची ३१ डिसेंबरला बुडते. नोकरी सोडताना जी शिल्लक असेल तिचे पैसे मिळतात. मी रजा क्वचित घ्यायची. मागची तीस आणि चालू वर्षाची तेरा, असे माझे त्रेचाळीस दिवस व्हायला हवे होते.

मग रजिस्टरमध्ये नऊ कसे?

हे तिथं बसलेल्या तिघांपैकी मला तर नीट माहीत होतं. चौतीस दिवस मी उसने दिले होते.

आमच्याकडे उतई गावाच्या बाजूचे बरेच कामगार होते. त्यांची घरी दोन-चार एकर धानशेती. कापणी आली की त्यांना सात-आठ दिवस लागायचेच. पण तोवर त्यांची रजा सणात, आजारपणात, लग्नात संपलेली असायची. बिनपगारी राहिलं तर मजूर लावण्याइतकेही पैसे हातात राहत नाहीत. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा माझी अकरा दिवसांची रजा बुडणार होती आणि पुनाराम नावाचा वेल्डर टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी सात दिवसांसाठी हात जोडून उभा होता. मी टाइमकीपर साहूजींना म्हणाले, "माझ्या खात्यातून द्या की याला. नाहीतरी पाण्यातच जाणार आहेत."

साहूजी डोक्याने चालणारा माणूस. त्यांनी वाट काढली. पुनाराम शेतावर, पण मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर हजर. मी स्टोअरमध्ये, पण मस्टरवर रजेवर. मालकाचं नुकसान शून्य. दोन पगार आणि एका माणसाचं काम, हे तसंही झालंच असतं. पुढं मला पुण्याला लेकीकडे जायचं झालं की उलटं व्हायचं. मी गैरहजर असून हजर, आणि पुनाराम काम करत असून रजेवर. उसनं फिटलं.

मग हे सर्रास सुरू झालं. क्रेनवाला, फिटर, पेंटर, सगळे खिडकीशी यायचे. माझी रजा कधी पडून राहिली नाही. आणि इथं माझा स्वार्थही होता, लपवत नाही. डिसेंबरअखेर जी रजा दुसऱ्याकडे आहे ती बुडत नाही. बँकेत ठेवल्यासारखी राहते. मी स्वतःवर फार खूश होते.

हे नियमात बसत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. शेतावर असलेल्या माणसाला हजर दाखवणं म्हणजे खोटं मस्टर. पण सवय झाली की गुन्ह्यालाही रीत म्हणतात.

तर त्या डिसेंबरात चौतीस दिवस बाहेर होते, अजून फिटायचे होते, आणि मी चिडून राजीनामा फेकला. फेकताना लोखंडाचे साठ पैसे डोक्यात होते. स्वतःचे चौतीस दिवस आठवलेच नाहीत.

"रजिस्टर चुकीचं आहे," मी निखिलला म्हणाले. "मी त्या दिवशी कामावर होते."

"प्रूफ?"

प्रूफ मागितलं की माझं डोकं सटकतं. तीन दिवस मी स्टोअरचा चार्ज देत होते, त्यामुळे मटेरियल स्लिपची पुस्तकं हाताशीच होती. स्टोअरमधून एक बोल्ट जरी बाहेर गेला तरी स्लिप फाडायची, त्यावर तारीख आणि माझी सही, कार्बन कॉपी पुस्तकात. मी गेले, चार पुस्तकं काखेत मारून आणली आणि टेबलावर टाकली.

"घे. तुझ्या कागदावर माझ्या रजेच्या तारखा आहेत ना? एकेक तारीख काढ. माझी सही सापडेल."

निखिलने एक तारीख काढली. सही होती. दुसरी काढली. सही होती. पाच-सहा तारखा बघून त्याने पुस्तक मिटलं. एमबीए झालेलं पोरगं आहे, मूर्ख नाही.

"मग मॅडम, आप यहाँ थीं, तो रजिस्टर में छुट्टी किसने लिखी?"

"ते मला काय विचारता? विचारा तुमच्या टाइम ऑफिसला!"

बोलून झालं आणि मग लक्षात आलं, टाइम ऑफिस म्हणजे साहूजी.

निखिल वडिलांकडे वळला. "पापा, म्हणजे मस्टर खोटं आहे. कित्येक वर्षं खोटं असेल. नया customer audit करने आ रहा है. जो ऐसा रजिस्टर लिखता है उसे मैं एक दिन नहीं रखूँगा."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. बाजारात एखादा माणूस स्वतःचंच पाकीट विसरून निघालेला दिसला की आपण पाहतो, तसं पाहिलं.

"उद्या सकाळी साहूजीले रजिस्टर घेऊन बोलवू," ते म्हणाले. "बाई, तू पण ये. पुस्तकं इथंच ठेवून जा."

गेटबाहेर चहाचं टपरं आहे. संध्याकाळी पाचची पाळी सुटली तेव्हा साहूजी तिथं बाकावर बसले होते. मी समोर जाऊन बसले. त्यांना सगळं कळलेलं होतं. वर्कशॉपमध्ये बातमी ग्राइंडरच्या ठिणगीपेक्षा लवकर पसरते.

"दीदी, पर्ची काहे दिखा दी?" एवढंच म्हणाले.

"राग आला."

"हाँ, वो तो आता है आपको."

त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. हा आकडा मला ठाऊक होता, कारण तो ते रोज एकदा तरी सांगायचे. खोट्या मस्टरसाठी काढलं असतं तर ग्रॅच्युइटीवरसुद्धा वाद झाला असता. बायको बरीच वर्षं दम्याने आजारी. पण यातलं काहीही ते त्या संध्याकाळी बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते.

"आप अपना पैसा मत छोड़ना," ते म्हणाले. "मैं बोल दूँगा, नजर कमजोर है, लाइन गलत पकड़ ली. किसी और की छुट्टी आपके नाम पे चढ़ गई."

"चौंतीस बार?"

"नजर बहुत कमजोर है दीदी."

तेवढ्यात पुनाराम सायकल हातात धरून आला. त्याच्याकडे माझे सगळ्यांत जास्त, बारा दिवस होते. सात कापणीचे, पाच बहिणीच्या लग्नाचे. तो छत्तीसगढीत म्हणाला, "दीदी, बारा दिन मोर हे. काली मैं खुद बता दुहूँ." म्हणजे बारा दिवस माझे आहेत, उद्या मी स्वतःच सांगून टाकतो.

"काय सांगशील? मी नव्हतो आणि हजेरी घेतली? मग तूही जाशील. मग बाकीचे आठ जण जातील. कापणी करायला गेले म्हणून! गप्प बस आणि घरी जा!"

मी इतक्या जोरात ओरडले की चहावाल्याने पैसे मागितले नाहीत.

घरी आले. आमचे हे रेल्वेत, कमी बोलणारे. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुले काय पाहिजे? पैसे का साहूजी?"

"दोन्ही."

"दोन्ही तर कोनीच देत नाई," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

तेरा वर्षं परचेसमध्ये काढून मला जे मान्य करायला रात्र लागली, ते त्यांना एका वाक्यात कळलं होतं. स्लिपा खऱ्या, म्हणून माझा दावा खरा. आणि स्लिपा खऱ्या, म्हणूनच साहूजी खोटे. पैसे घ्यायचे तर त्यांच्या खांद्यावर पाय देऊन घ्यायचे होते.

सकाळी मी एक ठरवून गेले. म्हणायचं की मी रजेवरच होते, पण घरी करमत नव्हतं म्हणून कामावर येऊन बसायचे. गाढवपणाची गोष्ट होती, पण दुसरी सुचत नव्हती. सौद्यात एक नियम आहे. वाईट भाव सांगायचा असेल तर आवाज खणखणीत ठेवायचा.

केबिनमध्ये निखिल, भाऊ आणि दाराशी साहूजी. काखेत लांब हिरवं रजिस्टर, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. लग्नाला निघाल्यासारखे.

निखिलने सुरुवात केली. "साहूजी, मॅडम काम पर थीं, आपने छुट्टी लिखी. क्यों?"

साहूजींनी तोंड उघडलं. मी मध्ये पडले.

"मी रजेवर होते."

"काल तर म्हणत होतात, कामावर होते!"

"दोन्ही. रजा टाकलेली होती, पण आले होते."

"चौतीस दिवस? रजा टाकून कामावर? कोण करतं असं?"

"मी करते. घरी कंटाळा येतो."

निखिलने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली. गोष्ट उभीच राहत नव्हती. साहूजी खाली फरशीकडे बघत होते.

मग भाऊ खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तुले ठाऊक नाई काय, निखिल? बाई माह्याशी भांडते. भांडली का रजेचा अर्ज फेकते. म्हनते, उद्यापासून येत नाई. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी राग उतरला का पुन्हा स्टोअरमध्ये येऊन बसते. साहूजीच्या हातात अर्ज असते तर तो रजाच लिहीन ना? त्यानं काय बाईच्या तोंडाकडे पाहून हजेरी लावावी?"

निखिलने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

निखिलचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. माझा स्वभाव त्याला माहीत होता. अख्ख्या हथखोजला माहीत होता. तीन-चार दिवसांपूर्वीच त्याच टेबलावर मी किल्ल्या आपटल्या होत्या. भाऊंचं बोलणं त्याला पटलं, आणि हीच गोष्ट मला आजपर्यंत सलते. वर्षाला चौतीस वेळा मी काही भांडत नव्हते. फार तर वीस.

"सही है मॅडम?" त्याने विचारलं.

मी दातओठ खाऊन म्हणाले, "सही है."

साहूजींनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. निखिलने मोबाइलवर काहीतरी वाचलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "तो फिर पापा, law तो साफ है. मॅडम त्या दिवशी काम करत होत्या. अर्ज काहीही असो. म्हणजे रजा वापरलीच नाही. हमको चौंतीस दिन का पैसा देना चाहिए."

मी त्या पोराला बावीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. साठ पैसे उधळणारा हा मुलगा माझ्या हक्काचे पैसे स्वतःहून देत होता, आणि मला ते घेता येत नव्हते. पैसे द्यायचे म्हणजे व्हाउचर. व्हाउचर म्हणजे रजिस्टरमध्ये दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे चौतीसच्या चौतीस तारखा पुन्हा उघडायच्या, माझे न लिहिलेले अर्ज शोधायचे, आणि त्या दिवशी आणखी कोण कोण हजर होतं ते ऑडिटवाल्याने विचारायचं.

"नको," मी म्हणाले.

"नको क्यों? आपका हक है."

"मी स्वखुशीने आले होते."

"मॅडम, चौतीस नाही तर पंचवीस घ्या. Goodwill समझ के."

"नको म्हटलं ना!"

"वीस?"

"एक पण नको! नऊचा चेक काढ आणि मला मोकळी कर!"

आयुष्यात पहिल्यांदा समोरचा देत होता आणि मी नाही म्हणत होते. भाऊंनी रुमाल तोंडाला लावला होता. खोकत होते की हसत होते, मला कळलं नाही. कळलं असतं तर मी तिथंच दुसरा राजीनामा दिला असता.

नऊ दिवसांचा चेक मिळाला. मी पावतीवर सही केली, 'कोणतेही येणे बाकी नाही' या ओळीखाली. ती ओळ दोनदा वाचली.

बाहेर पडले तर भाऊ मागून व्हरांड्यात आले. आता आम्ही दोघंच होतो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"उसनी रजा."

"पंधरा वर्षांपासून," ते म्हणाले. "नोव्हेंबरात माहे वेल्डर पयून जात होते बाई. कोनी सांगून जायचा नाई. तुहं अन् साहूजीचं सुरू झालं तेव्हापासून सांगून जातात, दिवस ठरवून जातात, अन् ठरल्या दिवशी परत येतात. मी कायले बंद करू?"

"मग तुमचा फायदा झाला. चौतीस दिवस तुम्ही द्या. खिशातून द्या."

"तू तर आत नको म्हनली. वीसले पण नाई म्हनली."

"ते निखिलला. तुम्हाला नाही म्हटलेलं नाही."

"सही केली ना खाली? 'येणे बाकी नाही'?" आणि हसले. अगदी समाधानाने हसले. "मीच शिकवलं होतं तुले. सही करायच्या आधी बोलायचं, नंतर नाई."

हे खोटं आहे. मला ते भंगारवाल्यांनी शिकवलं होतं. पण भाऊंना वाटतं त्यांनीच शिकवलं, आणि बावीस वर्षांत मी त्यांचा तो गैरसमज दूर केला नाही. रागीट माणसाने एखाद्या ठिकाणी तरी मऊ असावं.

"साहूजीचं काय?" मी विचारलं.

"चौदा महिने आहे त्याले. सेंडऑफ मी स्वतः देईन. अन् पुढच्या महिन्यात निखिल हजेरीले अंगठ्याचं मशीन लावून राहिला. मंग ना उसनं, ना पासनं." थोडं थांबून म्हणाले, "नोव्हेंबरात काय करावं ते आतापासून सुचून नाई राहिलं."

मी त्यांना उपाय सांगितला. कापणीचे सात दिवस सगळ्यांना पगारी सुट्टी द्या आणि त्याऐवजी सात रविवार भरून घ्या, कागदावर, सरळ. भाऊ म्हणाले, "सल्ल्याचे किती घेशील?" मी म्हणाले, "चौतीस दिवसांचा पगार." त्यांनी नमस्कार केला आणि आत गेले.

माझं पुढचं ठरलेलं होतं. हथखोजमध्येच एक गाळा भाड्याने घेतला. नट-बोल्ट, वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंगची चाकं, हातमोजे, असा रोज लागणारा माल ठेवायचा. माल कुठं स्वस्त मिळतो ते मला माहीत, कोणाला कधी लागतो तेही माहीत. फक्त गाळ्यात काही नव्हतं. रॅक नाही, काउंटर नाही, शटर अर्धं अडकायचं. ग्रॅच्युइटी सगळी मालात जाणार होती.

पहिल्या रविवारी सकाळी मी एकटीच झाडून घेत होते. बाहेर सायकली थांबल्याचा आवाज आला. पुनाराम होता, त्याच्यासोबत तिघं. एकाच्या कॅरिअरवर वेल्डिंगची केबल गुंडाळलेली.

"का होगे?" मी विचारलं. म्हणजे काय झालं.

पुनाराम म्हणाला, "दीदी, बारा दिन देना हे. रुपया तो नइ हे. दिन हे."

रुपये नाहीत, दिवस आहेत.

मी काहीतरी रागावून बोलायला पाहिजे होतं. मी आत जाऊन एक कोपरा झाडला. तो आधीच झाडलेला होता.

मग अर्थातच मी भाव केला. रविवारचा दिवस हा साध्या दिवसाच्या दीडपट धरायचा, असं मीच म्हणाले. पुनाराम म्हणाला, नाही, एकास एक. मी म्हणाले, ओव्हरटाइमचा रेट दुप्पट असतो, मी तर दीडपटच म्हणते. तो म्हणाला, हे ओव्हरटाइम नाही, कर्ज आहे. आम्ही दोघं अर्धा तास भांडलो, मी त्याला जास्त द्यायला आणि तो कमी घ्यायला. शेवटी सव्वापट ठरलं. असला सौदा मी पुन्हा कधी केला नाही.

भंगारातले अँगल आणून त्यांनी चार रविवारांत रॅक उभे केले. पेंटरने दोन दिवसांत रंग मारला, हिरवा, मी निळा सांगितला होता तरी. क्रेनवाल्याला गाळ्यात काय काम, पण त्याचा भाऊ शटर दुरुस्त करतो, म्हणून त्याने भावाला पाठवलं आणि आपले तीन दिवस त्याच्या नावावर टाकले. माझी काही हरकत नव्हती. उसन्याची रीत आमचीच. एकाने धान आणलं. पोतं बघून मी म्हणाले, हे दोन दिवसांचं होईल. तो म्हणाला, तीन. अडीचवर मिटलं.

साहूजी दुसऱ्या रविवारी आले. त्यांच्याकडे माझा एकही दिवस नव्हता. तरी दिवसभर बोल्ट साइजप्रमाणे लावत बसले. मी म्हटलं, नजर कमजोर आहे ना? ते म्हणाले, "दीदी, बोल्ट तो दिखता है. रजिस्टर नहीं दिखता."

चौदा महिन्यांनी त्यांचा सेंडऑफ झाला. भाऊंनी शब्द पाळला. शाल दिली, भाषण केलं, आणि भाषणात म्हणाले की या माणसाच्या हजेरीपटावर मला कधी शंका आली नाही. निखिलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

भाऊंचं वर्कशॉप आता माझं गिऱ्हाईक आहे. कापणीचे सात दिवस कागदावर आलेत. सल्ल्याचे पैसे मिळालेले नाहीत. वेल्डिंग रॉडचा भाव करायला निखिल स्वतः येतो, आणि आता बराच शिकलाय. मी त्याला पाच पैसे सोडत नाही आणि तोही मला सोडत नाही. जाताना विचारतो, "मॅडम, नाराज तो नहीं?" मी म्हणते, आहे. चौतीस दिवसांसाठी तुझ्या वडिलांवर आहे आणि राहणार.

नोकरी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. दर डिसेंबरात आपली शिल्लक रजा किती ते लिहून घ्या, त्यावर सही-शिक्का घ्या, आणि राजीनामा द्यायचाच असेल तर आधी तो कागद बघा. रजा कोणाला उसनी देऊ नका, आता मशीन आहे, देताही येणार नाही. आणि माणसं उसनं मागायला आलीच, तर वेल्डर, फिटर, पेंटर यांना आधी द्या. माझ्या कर्जदारांत एकही ऑफिसबाबू नव्हता, म्हणून माझी वसुली झाली.